छप्पर उघडायचंय, पण कुणाला विचारून?

पत्राचा गोषवारा: लेखिका पुण्यात राहतात, वय ४७, बँकेत नोकरी. घरात नवरा, बारावीतला मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. दाराशी ११ वर्षांची हॅचबॅक. माहेरचं घर विकल्यावर त्यांच्या वाट्याला १८ लाख आले. 'हे पैसे संसारात ढकलू नकोस,' असं आईने जाण्याआधी बजावलं होतं. कॉलेजात असताना गुहागरच्या रस्त्याला उघड्या जीपमधून केलेला प्रवास अजून डोक्यातून जात नाही, म्हणून वापरलेली कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणारी गाडी, घ्यायचं मनात आहे. नवऱ्याचं म्हणणं, 'घे, पण व्यवहारी घे. जुनी काढून टाकू, एकच गाडी ठेवू.' त्यांनी तीन गाड्या हेरून ठेवल्या आहेत. पहिली दिल्ली पासिंगची २०१६ची मिनी कन्व्हर्टिबल, सांगताहेत १७ लाख. विकणारा म्हणतो, दिल्लीत १० वर्षांचा नियम आहे म्हणून स्वस्तात देतोय. दुसरी नाशिकची २०२१ची महिंद्रा थार, पेट्रोल ऑटोमॅटिक, मागे दुमडणाऱ्या कापडी छताची, साडेबारा लाख. तिसरी कोल्हापूरला छत कापून 'कन्व्हर्टिबल करून घेतलेली' सेदान, साडेचार लाख. प्रश्न असा: 'यातली सगळ्यात व्यवहारी कोणती, की घरात कुणी नावं ठेवणार नाही?'

ताई,

तुमच्या प्रश्नाचं शेपूट आधी धरते. घरात कुणी नावं ठेवणार नाही अशी कन्व्हर्टिबल अजून कुठल्याही कारखान्यातून बाहेर पडलेली नाही. तिच्या डिकीत भाजीच्या चार पिशव्यांनी गर्दी होते, मागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात, आणि पहिल्याच पावसात शेजारचे काका येऊन 'गळते का हो?' विचारून जातात. ही गाडी नावं ठेवून घेण्यासाठीच जन्माला आली आहे. म्हणून तुमच्या पत्रातल्या 'व्यवहारी' या शब्दापाशी मी जरा थबकले. तो शब्द तुमचा नाही, तुमच्या यजमानांचा आहे. तुम्ही तो उचललात, आणि आता एका हौसेच्या वस्तूला घरच्या कामाची परीक्षा द्यायला बसवताय. त्या परीक्षेत ती नापास होणार, आणि मग घरचे म्हणणार, 'बघ, आम्ही सांगितलं होतं.'

आणखी एक गोष्ट खटकली. यजमान काय म्हणाले ते पत्रात आहे. सासूबाईंचे फक्त गुडघे आहेत. त्या काय म्हणाल्या, ते कुठेच नाही. विचारलंत का त्यांना? त्या नकोच म्हणतील असं तुम्ही धरूनच चाललाय.

आता गाड्यांकडे येते.

कोल्हापूरच्या सेदानवर फुली मारा. किंमत कितीही खाली आली तरी. मिठाईचा रिकामा खोका घ्या, झाकण लावून दोन्ही टोकांनी पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. साध्या गाडीचं छत हे त्या खोक्याचं झाकण असतं. अंगाला पीळ पडू न देण्याचं मोठं काम तेच करतं. कंपनीची कन्व्हर्टिबल बनते तेव्हा दारांखालचे पट्टे जाड करतात, पुढच्या काचेची चौकट मजबूत करतात, तळाला जादा आडव्या पट्ट्या जोडतात. गॅरेजात ग्राइंडर फिरवणारा यातलं काही करत नाही. अशी गाडी खड्ड्यातून गेली की दारं आपोआप उघडू शकतात, आणि उलटली तर वर काहीच नसतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात क्लेम नाकारायला आयतं कारण मिळेल. 'आरटीओत ओळख आहे' असं विकणारा सांगेल. ती ओळख त्याची आहे, गाडी तुमच्या नावावर असेल.

राहिल्या दोन. या दोघी एकमेकींपासून इतक्या लांबच्या आहेत की त्यांची तुलना करताना थोडं हसूच येतं.

मिनीला चार सीट आहेत. बटण दाबलं की छत १८ सेकंदांत मागे जातं, ताशी ३० किलोमीटरपर्यंतच्या वेगात चालत्या गाडीतही. तिची एक सोय आपल्या हवेत फार कामाची आहे, आणि विकणारे ती सांगायला विसरतात: पूर्ण छत न उघडता पुढच्या सीटवरचं कापड साधारण ४० सेंटीमीटर मागे सरकतं. म्हणजे ऊन डोक्यावर न घेता वारा मिळतो. डिकी छत बंद असताना २१५ लिटर आणि उघडल्यावर १६०. दोन लहान बॅगा आणि एक चपलांची पिशवी. मागचं दार फळीसारखं खाली पडतं, त्यावर बसून चहा पिता येतो, हे मात्र खरं.

थारचं छत हातानं काढावं लागतं. पुढची कुलपं सोडायची, बाजूच्या आणि मागच्या खिडक्यांच्या चेन उघडायच्या, ते प्लॅस्टिक चुरगळू नये म्हणून घडी घालून ठेवायचं, मग सांगाडा मागे ढकलायचा. सराव झाला तरी दुसरा माणूस हाताशी असलेला बरा. मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट दुमडून चढायचं. पण गाडी दणकट आहे, मागे पूर्ण मापाची स्टेपनी लटकते, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि पुण्यातल्या पावसाळी रस्त्यांना ती घाबरत नाही. २०२०च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत, म्हणजे गाडी मुद्दाम आदळून घेतात त्या परीक्षेत, तिला मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार-चार तारे मिळाले होते.

कागदावर थार जिंकते. तरी पण एक सांगते. नव्वदच्या दशकात आमच्याकडे कापडी छताची सेकंडहँड जीप होती. विकणाऱ्याने 'छत नवं टाकलंय, थेंब येणार नाही' असं छातीठोक सांगितलं होतं. पहिल्याच आषाढात ताम्हिणीत थेंब आला, आणि तो कुठे यावा? क्लच दाबला की बरोबर डाव्या गुडघ्यावर. श्रावणापर्यंत सीटला ओल्या गोणपाटाचा वास लागला. पण तक्रार ती नाही. तक्रार अशी की आठ वर्षांत आम्ही ते छत पुरतं काढलं असेल फार तर पंधरा वेळा. कारण ते काढायला दोघं लागायचे, आणि रविवारी सकाळी सहाला मला वारा खायची लहर यायची तेव्हा दुसरा माणूस झोपलेला असायचा.

म्हणून माझ्या लेखी कन्व्हर्टिबलच्या व्यवहारीपणाचं माप डिकी नाही, मायलेज नाही. तुमचं छत वर्षात किती वेळा उघडेल, ते माप. पुण्यापुरता हिशोब मांडा. जून ते सप्टेंबर बंद. मार्च ते मे सकाळी नऊच्या पुढे बंद, डोकं शेकून निघतं. शहरातल्या गर्दीत कायमच बंद, कारण सिग्नलला शेजारच्या टेम्पोचा धूर थेट नाकाशी येतो. उरलं काय? हिवाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळी, उन्हाळ्यातल्या पहाटा, आणि घाटरस्ते. एवढ्या मोजक्या वेळांसाठी छत एका बोटाने उघडत असेल तर ते उघडतं. नाहीतर तुम्ही उघडणारं छत विकत घेऊन बंद छताखाली फिरता, आणि कापडी छताचा आवाज व धूळ तेवढी फुकटात मिळते.

असं असूनही ती दिल्लीची मिनी १७ लाखांना घ्या असं मी म्हणणार नाही. आधी त्या '१० वर्षांच्या नियमा'चं बघू. दिल्लीतला १० वर्षांचा नियम डिझेल गाड्यांसाठी आला. पेट्रोलसाठी तो १५ वर्षांचा ठेवला होता, आणि ही मिनी पेट्रोलवर चालते. म्हणजे स्वस्त देण्याचं जे कारण तुम्हाला सांगितलं, ते कारण नव्हेच. खरं कारण दुसरं काहीतरी असणार: अपघात, पाण्यात बुडणं, छताची मोटर, थकलेलं कर्ज, किंवा निव्वळ गिऱ्हाईक न मिळणं. ते शोधून काढल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

दुसरं, कागद. परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि इथला रस्ता कर भरावा लागतो. ही गाडी परदेशातून तयार आलेली, अशा गाड्यांना आपल्याकडे कराचा दर जास्त असतो. वयाप्रमाणे सूट मिळते, पण आकडा तरीही बोचतो. तो तुमच्या आरटीओतून आधी काढून आणा आणि १७मध्ये मिळवा. दिल्लीच्या आरटीओचं ना-हरकत पत्र (एनओसी), म्हणजे फॉर्म २८, आणि कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा कागद हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम सोडू नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या घेताना आरसीवरचा चॅसी नंबर स्वतः डोळ्यांनी गाडीवर ताडून बघा. 'एजंट बघून घेईल' हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलंय ते पुढे वर्षभर एजंटला फोन करत होते.

तिसरं, स्टेपनी. मिनीत बहुधा रन-फ्लॅट टायर असतात, पंक्चर झालं तरी थोडं अंतर रेटता येतात, म्हणून स्टेपनी दिलेली नसते. चारही टायरांच्या बाजूच्या भिंतींवरून हात फिरवा. फुगवटा किंवा चीर लागली तर नव्या टायरांचा भाव विचारा, मग बसून पाणी प्या.

मिनी असो वा दुसरी कुठलीही, वापरलेली कन्व्हर्टिबल बघायला जाल तेव्हा इंजिनाच्या आधी छताकडे बघा. इंजिन कुठलाही मेकॅनिक तपासेल. छताला मात्र फार कमी जण हात लावतात.

गाडी सपाटीवर उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, डिकीतला आडवा पडदा खाली आहे ना ते बघायचं (तो वर असला की छत हलतच नाही, आणि लोक उगाच घाबरतात). मग तीनदा उघडा, तीनदा मिटा. आवाज एकसारखा हवा, पिठाच्या गिरणीसारखा. मध्येच अडखळलं, एक बाजू पुढे आणि एक मागे राहिली, तर समजा पंप नाहीतर सेन्सर थकलाय. गाडी तासभर उन्हात उभी करून पुन्हा तेच करा. थंडीत नीट वागणारी छतं तापल्यावर रुसतात. डिकीच्या बाजूच्या अस्तरावर तेलाचे डाग असतील तर हायड्रॉलिकची नळी पाझरतेय.

मग पाणी. छताच्या कडेला पन्हळी असतात, त्यांना खाली निचऱ्याच्या बारीक नळ्या असतात. गुलमोहराची पानं, अशोकाचा कचरा त्यांत बसला की पाणी उलटं आत येतं. काही गाड्यांत छताचा पंप नेमका पाणी साचतं त्या खालच्या कोपऱ्यात बसवलेला असतो, म्हणजे मूठभर पानांपायी अख्खी मोटर जाते. पन्हळीत एक पेलाभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा, ते जमिनीवर टपकलं पाहिजे. पुढच्या आणि मागच्या पायपुसण्या उचलून खाली वर्तमानपत्राची घडी दाबून धरा, मिनिटभर. कागद दमट झाला तर परत या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, ती धुवायचं कुणाला सुचत नाही. आरशाला सुगंधाची कागदी झाडं तीन-तीन टांगलेली दिसली तर त्या वासाखाली दुसरा कुठला वास दडवलाय ते शोधा.

रबराच्या पट्ट्या नखाने दाबून बघा, दबून परत वर आल्या पाहिजेत. आपल्या उन्हात त्या पापडासारख्या होतात. कापड जिथे दुमडतं तिथे घासून पांढरं पडलंय का, मागची काच कापडापासून सुटतेय का, हे बघा. शेवटी खडबडीत रस्त्यावर छत उघडं टाकून चालवा. आरसा थोडा थरथरणारच, ते कन्व्हर्टिबलचं लक्षणच आहे. पण डॅशबोर्ड चरचरत असेल, दाराच्या फटी वर रुंद आणि खाली अरुंद दिसत असतील, तर गाडी कधीतरी वाकून सरळ केलेली आहे.

गळतीचं बघायला जून-जुलैमध्ये जा. भर पावसात. त्या दिवसांत उघड्या गाडीचं गिऱ्हाईक कमी असतं, आणि गळतं की नाही हे विकणाऱ्याला विचारावंच लागत नाही.

आता घराकडे. 'एकच गाडी ठेवू' ही अट तुम्ही मान्य करून टाकलीत, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथे आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांचाच विचार करा. मिनीत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं खाली जायचं, आणि उठताना कुणाच्या तरी खांद्याला धरायचं. थारमध्ये उलट, पायरीवर पाय ठेवून वर चढायचं. दोन्ही त्यांना जड. तुमच्या जुन्या हॅचबॅकची सीट बरोबर कमरेच्या उंचीला आहे, टेकलं आणि पाय आत घेतले. ती विकून येणार किती? दोन-अडीच लाख. तेवढ्यासाठी घरातली खरी व्यवहारी गाडी घालवायची, आणि मग नव्या गाडीने व्यवहार करावा म्हणून तिच्याशी भांडायचं, हा कुठला हिशोब? हॅचबॅक ठेवा. दवाखाना, भाजी, स्टेशन, क्लास तिच्याकडे. म्हणजे दुसरी गाडी काही कामाची नसली तरी चालेल.

यजमानांची अडचण बहुधा पार्किंगची असेल, पत्रात तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही. कापडी छताची गाडी झाडाखाली उघड्यावर ठेवायची नसते. चीक, पक्ष्यांची विष्ठा, आणि मुख्य म्हणजे मांजरं. आमच्या सोसायटीत एकाच्या कापडी छतावर मांजर व्यालं. ऊबदार, मऊ, किंचित झोळीसारखं, त्याहून चांगली जागा कुठली? ते गृहस्थ तीन आठवडे रिक्षाने ऑफिसला गेले. तेव्हा गाडीच्या आधी सेक्रेटरींना गाठा, बिल्डिंगखालची दुसरी जागा भाड्याने मिळते का बघा. मिळत नसेल आणि गाडी खरंच एकच ठेवायची असेल, तर माझं उत्तर तिन्ही गाड्यांना नाही असंच आहे.

तसं झालं तरी उघडा रस्ता हातचा जात नाही. गोव्यात उघड्या थार सेल्फ-ड्राइव्ह भाड्याने सर्रास मिळतात. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. खरं तर गाडी घ्यायची ठरली असली तरी हे आधी कराच. चार दिवस यजमानांना शेजारी बसवून फिरा. एकदा सकाळी साडेसहाला, आणि एकदा मुद्दाम दुपारी दोनला. दोन वाजता तुम्ही छत लावायला गाडी थांबवलीत की किती वेळ लागतो, आणि ते लावताना तुम्ही हसताय की चिडताय, हे तेव्हाच कळेल.

दोन पार्किंग असतील तर माझा कौल बटणाच्या छताला, पण महाराष्ट्र पासिंगच्या गाडीला. मिनीच हवी असं नाही. ऑडीने २०१४च्या डिसेंबरात ए-थ्री कॅब्रिओले आणली होती, तिचं कापडी छतही १८ सेकंदांत उघडतं, ताशी ५० किलोमीटरपर्यंत, आणि डिकी मिनीहून मोठी आहे. अशा गाड्या कमी विकल्या गेल्या, म्हणून मिळायला वेळ लागतो. सहा महिने लागले तरी लागू द्या. आणि १८ लाख पूर्ण लावू नका. चौदाच्या आत गाडी बसवा, तीन लाखांची वेगळी एफडी करा. छताचा पंप, टायर, एखादा सेन्सर यांसाठी. ते पैसे संसाराला लावायचे नाहीत, आईने सांगितलंय म्हणालात ना?

असाच प्रश्न आणखी काहींनी विचारला आहे, त्यांच्यासाठी थोडं. लोखंडी छत दुमडणाऱ्या दोन सीटच्या गाड्या, उदाहरणार्थ २००९ ते २०१६मधली बीएमडब्ल्यू झेड-फोर, पावसात आणि चोरीच्या बाबतीत निर्धास्त असतात. पण छत दुमडून डिकीतच जाऊन बसतं: ३१० लिटरची जागा १८० होते. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म कुणाला मिळत असेल तर तिचं इंजिन रेनोचं, अंग फायबरचं. जमवून घेणारा मिस्त्री ओळखीचा असेल तरच हात घाला. आणि जिप्सी घेणाऱ्यांनो, मागे आडव्या बाकांवर मुलांना बसवून हायवेला जाऊ नका, तिथे ना पाठीला आधार ना धड पट्टा.

तर ताई, या आठवड्यात दोनच कामं: सेक्रेटरींना पार्किंगचं विचारा, आणि सासूबाईंना विचारा की सकाळी सहाला खडकवासल्यापर्यंत येता का. गुडघ्यांचं त्या त्यांचं बघतील. पुढे बसवा, सीट मागे सरकवा, आणि दोघींनी डोक्याला ओढणी घट्ट बांधा. टोपी नको. माझी ताम्हिणीच्या दुसऱ्या वळणावर उडाली ती अजून तिथेच आहे.